राजापूरची गोष्ट २००९ पासून सुरू होत नाही

प्रति,
मराठी वृत्तपत्रांचे व वृत्तवाहिन्यांचे संपादक आणि निवडणुकीच्या काळात कोकणात येणारे सर्व पत्रकार यांस,



निवडणुकीच्या धामधुमीत असे पत्र वाचायला कुणाला सवड नसते, म्हणून मुद्दाम मधल्या शांत काळात लिहितो आहे. मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघातला मतदार आहे. पहिले मत १९७७ मध्ये दिले, तेव्हा माझ्या मतदारसंघाचे नाव राजापूर होते. त्यानंतर एकही निवडणूक चुकवलेली नाही आणि निवडणुकीच्या दिवसांत आपण जे छापता आणि दाखवता तेही फारसे चुकवलेले नाही. त्यातून साठलेले गाऱ्हाणे आज आपल्यापुढे घालतो आहे.

दर निवडणुकीत आपल्याकडे एक चौकट येते. तिचे शीर्षक ‘मतदारसंघाचा इतिहास’ असते. तिच्यात २००९, २०१४, २०१९ आणि आता २०२४ हे चार आकडे असतात, विजयी उमेदवार, पराभूत उमेदवार, मताधिक्य आणि खाली जातींचा अंदाज. वाहिनीवर त्याच चौकटीच्या मागे समुद्रकिनारा, माडांची रांग आणि सिंधुदुर्ग किल्ला दिसतो, आणि पट्टी फिरते, ‘गड कोण राखणार?’ या चौकटीत छापलेले बहुतेक बरोबर असते, ते मी नाकारत नाही. निलेश राणे यांनी २००९ मध्ये सुरेश प्रभूंना हरवले. विनायक राऊत यांनी २०१४ मध्ये सुमारे दीड लाखाने आणि २०१९ मध्ये पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी निलेश राणेंना हरवले. २०२४ मध्ये नारायण राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले. हे सगळे खरे आहे. पण एवढाच इतिहास वाचून जो तरुण मतदानकेंद्रावर जाईल, त्याची समजूत अशी होईल की या मुलखात राजकारण म्हणजे दोन गटांची झुंज, आणि ती पहिल्यापासून अशीच चालत आली आहे. ही समजूत आपण तयार केलेली आहे. ती चुकीची आहे, आणि त्याचे मला मनापासून दुःख होते.

पहिले गाऱ्हाणे अगदी साध्या गोष्टीचे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग नावाचा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेने जन्माला आला. त्याआधी इथे दोन मतदारसंघ होते, वरच्या अंगाला रत्नागिरी आणि खाली राजापूर. पहिल्या, म्हणजे १९५२ च्या निवडणुकीत तर त्यांची नावे रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशी होती आणि दोन्ही काँग्रेसकडे गेले होते. उत्तरेतून निवडून आलेले जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेतले होते. सिंधुदुर्ग जिल्हा तर १ मे १९८१ ला झाला. हे ठाऊक नसलेला प्रतिनिधी कधी बॅरिस्टर नाथ पै यांना ‘सिंधुदुर्गचे पहिले खासदार’ म्हणून मोकळा होतो, कधी मधू दंडवत्यांना रत्नागिरीचे खासदार करतो, आणि कधी दोन वेगवेगळ्या मतदारसंघांचे निकाल एकाच तक्त्यात घालून ‘इथे सत्ताबदल होत राहतो’ असा निष्कर्ष काढतो. सीमा सांगितल्याशिवाय निकालाला अर्थ नसतो. ज्या गावांनी मत दिले ती गावे कोणती, हे आधी सांगावे लागते.

आता मला जे सविस्तर सांगायचे आहे ते सांगतो, कारण आपल्या चौकटीतून नेमके तेच गळते.

राजापूर या नावाच्या मतदारसंघात १९५७ ते २००४ अशा तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. तेरा निवडणुकांत खासदार झाले फक्त चार. नाथ पै तीनदा, मधू दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. या चौघांत काँग्रेसचे एकटे सुधीर सावंत, तेही १९९१ मध्ये. काँग्रेसची महाराष्ट्रावरची पकड ज्यांना माहीत आहे त्यांनी हा तपशील दोनदा वाचावा. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, शिक्षणसंस्था यांच्या आधाराने उरलेला महाराष्ट्र ज्या पक्षाकडे वर्षानुवर्षे राहिला, त्या पक्षाला या पट्ट्याने जवळजवळ अर्धशतकात लोकसभेसाठी एकदाच कौल दिला.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवरची होती. राजापूरने प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै निवडले. ते वेंगुर्ल्याचे, विलायतेत बॅरिस्टर होऊन आलेले. शेजारच्या रत्नागिरीने त्याच वर्षी जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडले. त्या वर्षी देशभरात जनसंघाला लोकसभेच्या चारच जागा मिळाल्या, त्यांतली एक ही. एक समाजवादी आणि एक जनसंघी, दोघेही संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर, एकाच जिल्ह्यातून एकाच वेळी दिल्लीला गेले. मतदाराला भाषेचे राज्य हवे होते आणि त्यासाठी त्याने माणसे निवडली. आज आपण कोकणी मतदाराला ‘भावनिक’ म्हणता. राग, अभिमान, माया हे सगळे त्या मतदानात होतेच, पण मागणी कोणती आणि ती पुढे नेणारा माणूस कोण याचा हिशेबही होता.

पुढच्या दोन निवडणुकांत रत्नागिरी काँग्रेसकडे गेली आणि तिने शारदा मुखर्जी यांना खासदार केले. दुसऱ्या बाजूला राजापूरने नाथ पै यांना १९६२ आणि १९६७ मध्ये परत पाठवले. ते बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकायचे, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण ते काय बोलले हे आपण कधी सांगितले आहे का? फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १९६७ मध्ये, विरोधी बाकावरच्या या खासदाराने घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडेच असावा म्हणून खासगी विधेयक मांडले. देशभर त्यावर वाद झाला आणि ते ‘नाथ पै विधेयक’ म्हणूनच ओळखले गेले. वेंगुर्ल्या-मालवणातल्या मच्छीमारांनी आणि काजू-आंब्याच्या बागायतदारांनी निवडलेला माणूस देशाच्या घटनेच्या मुळाशी जाणारा प्रश्न विचारत होता. त्यांचा मुद्दा पटो वा न पटो, तो आपल्या पानावर यायला हवा. माझ्या मतदारसंघाच्या इतिहासातला तो कुठल्याही मताधिक्यापेक्षा मोठा भाग आहे.

१८ जानेवारी १९७१ ला नाथ पै बेळगावात गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. मध्यावधी निवडणूक तोंडावर आली होती. समाजवाद्यांनी राजापुरात प्रा. मधू दंडवते यांना उभे केले. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. आपल्या आजच्या भाषेत ते ‘बाहेरचे उमेदवार’ ठरले असते आणि ‘आयात उमेदवार चालणार का?’ अशी पट्टी फिरली असती. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाला देशभरात मिळून दोन जागा आल्या, आणि त्यांतली एक राजापूरची. ‘गरिबी हटाव’च्या त्या लाटेत एका बाहेरच्या प्राध्यापकाला इथल्या मतदाराने का निवडले, हे आपल्यापैकी कुणी तरी शोधावे. नाथ पैंच्या मृत्यूच्या हळहळीचा भाग होता, हे उघड आहे. पण एवढ्यानेच उत्तर संपत नाही. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांचे गोपुरी आश्रमातले काम होते, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या, आणि मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बेस्टमध्ये काम करणारा प्रत्येक घरचा एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या कामगार संघटनेत होता. तो गावी आला की पडवीत बसून युनियनच्या गोष्टी सांगायचा. कोकणात कारखाने नव्हते, पण कामगार चळवळ होती, ती मनीऑर्डरीच्या वाटेने आली होती.

पुढची निवडणूक आणीबाणीनंतरची. २६ जून १९७५ ला दंडवत्यांना बंगळुरात अटक झाली. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांनाही तिथेच पकडले होते. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात आणि मधू दंडवते बंगळूरच्या. संसदेला घटना बदलण्याचा अधिकार असावा, अशी बाजू मांडणाऱ्या खासदाराच्या जागेवर आलेला खासदार, त्याच संसदेने बेचाळीसावी घटनादुरुस्ती केली तेव्हा तुरुंगात होता. एकाच मतदारसंघातल्या या दोन माणसांकडे एकत्र पाहिले तर भारतीय लोकशाहीचा एक मोठा वाद डोळ्यांपुढे उभा राहतो. इथल्या कुठल्याही महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हा वाद आपल्या घरचा आहे हे कळले, तर पुस्तकातली घटना त्याला वेगळी दिसेल. आपण ते त्याला सांगत नाही. आपण त्याला जातींची टक्केवारी सांगता.

१९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्या वेळी त्यांच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळही नव्हता. मुंबईहून गावी यायचे ते एसटीने, रात्रभर घाट उतरत, आणि त्याआधीच्या पिढीने बोटीने. अशा मुलखाच्या खासदाराने देशभरातल्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोमची गादी बसवायला सुरुवात केली आणि १९७४ च्या रेल्वे संपात नोकरी गेलेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेतले. ज्यांना आपल्या गावी जायला गाडी नव्हती, त्यांनी निवडून दिलेल्या माणसाने सगळ्या देशाचा प्रवास सुसह्य केला. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो.

१९८० मध्ये जनता पक्ष कोसळला. महाराष्ट्रात इंदिरा काँग्रेसने ४८ पैकी ३९ जागा घेतल्या. राजापूर आणि रत्नागिरी दोन्ही जनता पक्षाकडेच राहिले. रत्नागिरीतून बापूसाहेब परुळेकर आले. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट होती, काँग्रेसच्या ४३ जागा आल्या, आणि तरीही दंडवते निवडून आले. (त्याच वर्षी शेजारच्या रत्नागिरीने काँग्रेसचे हुसेन दलवाई निवडले, तेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.) १९७१, १९८० आणि १९८४, महाराष्ट्रातल्या तीन मोठ्या लाटा, आणि तिन्ही राजापूरच्या वेशीवर अडल्या. ‘कोकणी मतदार लाटेवर वाहून जातो’ हे वाक्य मी गेल्या दोन निवडणुकांत अनेकदा ऐकले. ते बोलणाऱ्याने या तीन वर्षांचे निकाल कधी पाहिले नसावेत.

१९८९ मध्ये दंडवते पाचव्यांदा निवडून आले आणि विश्वनाथ प्रताप सिंहांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करणारी योजना आणि सुवर्ण नियंत्रण कायदा मागे घेणे, या त्यांच्या काळातल्या दोन ठळक गोष्टी. त्याच सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, आणि १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये भागीदार आणि ई. श्रीधरन प्रमुख. जी गाडी आमच्या आजोबांनी मागितली होती ती येणार हे पक्के झाले.

आणि पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, दंडवते हरले.

या निकालापाशी आपण थांबावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘विकासाला मत’ आणि ‘विकास की अस्मिता’ असे मथळे आपण दर निवडणुकीला देता. मग ज्याने कोकणाला रेल्वे दिली त्याला कोकणाने का पाडले, हा प्रश्न आपल्याला सर्वात आधी पडायला हवा होता. मला जे दिसले ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि तो कधी संपला असे कुणी जाहीर केलेच नाही. लाखो गिरणी कामगार देशोधडीला लागले, आणि त्यांत आमच्या गावांची माणसे फार होती. संपाबरोबर युनियन गेली आणि युनियनबरोबर पडवीतली ती बोलणी गेली. त्या रिकाम्या जागी शिवसेनेची शाखा आली. बेकार मुलाला ओळख देणारी, वहिनीच्या बाळंतपणाला रिक्षा आणून देणारी, गणपतीला गाडी लावून देणारी. लालबाग-परळमध्ये जे बदलले ते पाच-सात वर्षांत मालवण-कणकवलीत उतरले. समाजवाद्यांचा जुना कार्यकर्ता म्हातारा झाला होता, नवा तयार झाला नव्हता. त्यात १९९१ ची निवडणूक राजीव गांधींच्या हत्येच्या सावटाखाली झाली. काँग्रेसच्या विरोधातली मते पूर्वी एका जागी पडत, ती फुटली आणि सुधीर सावंत निवडून आले. ही माझी समजूत आहे. आपल्यापैकी एखाद्याने गावोगाव फिरून, जुन्या मतदानकेंद्रांचे आकडे काढून ती खोडून काढली तर मी त्याचा ऋणी राहीन.

१९९६ पासून सुरेश प्रभू आले. सनदी लेखापाल, बँकिंग क्षेत्रातला माणूस, शिवसेनेच्या चिन्हावर. ते चारदा निवडून आले, ऊर्जामंत्री झाले, ज्यातून पुढे २००३ चा विद्युत कायदा झाला त्या कामात त्यांचा मोठा वाटा होता, आणि २००२ मध्ये पक्षाच्या आदेशावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे २०१४ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले तेव्हा राजापूरचे खासदार राहिलेले दोन जण रेल्वेमंत्री झाले, पण त्या वेळी ते हरियाणातून राज्यसभेवर होते. ही गोष्ट बातमीत एका वाक्यात गेली. कोकण रेल्वेवरून पहिल्या गाड्या २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागल्या, आणि त्याच गाड्यांनी मतदानाला येणारा चाकरमानीही बदलला. पूर्वी मतदानासाठी गाव गाठणे म्हणजे दोन दिवसांची रजा. आता रात्री बसले की सकाळी गावात.

चाकरमान्यांविषयीही एक विनंती आहे. मतदान उन्हाळ्यात येते. २०१९ मध्ये २३ एप्रिलला झाले, २०२४ मध्ये ७ मे रोजी. आंबे काढायला, लग्नाला, देवाच्या कार्याला मुंबईकर गावी आलेले असतात. किती जणांची नावे अजून गावच्या यादीत आहेत, किती जणांची विरार-डोंबिवली-नालासोपाऱ्यात गेली आहेत, कुणासाठी कुणी गाड्या लावल्या, यावर एक नीट लेख मी आजवर वाचलेला नाही. ‘चाकरमानी कुणाच्या बाजूने?’ एवढा प्रश्न विचारून आपण पुढे जाता. ज्या मतदारसंघातला प्रत्येक दुसरा घरधनी शंभर-दोनशे कोसांवर राहतो, त्या मतदारसंघाचे राजकारण त्या अंतराशिवाय समजत नाही.

स्त्रियांचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. पुरुष मुंबईला, म्हणून घर, शेत, पंचायत, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांचे आजारपण सगळे बाईच्या अंगावर. मतदानकेंद्राबाहेरच्या रांगा तिच्याच. तरी राजापूर मतदारसंघातून एकही स्त्री लोकसभेवर गेली नाही. रत्नागिरीने शारदा मुखर्जींना दोनदा पाठवले, ती साठच्या दशकातली गोष्ट. २०२३ मध्ये स्त्रियांना लोकसभेत एक तृतीयांश जागा देणारी एकशे सहावी घटनादुरुस्ती झाली. ती पुनर्रचनेनंतर लागू होणार आहे. इथल्या उमेदवारांना आपण हा प्रश्न आजच विचारायला सुरुवात करावी. उमेदवाऱ्या जाहीर झाल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

पुनर्रचनेचा विषय आलाच आहे तर तोही बोलतो, कारण त्यात आपले मौन मला सर्वात जास्त खुपते. २००८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा सातावरून पाचावर आल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ गेले. सिंधुदुर्गात चाराच्या तीन झाल्या. दापोली आणि गुहागर रायगड लोकसभेत गेले, आणि राजापूर हे लोकसभा मतदारसंघाचे नावच पुसले गेले. कारण लोकसंख्या. लोक मुंबई-ठाण्याकडे गेले, जागाही त्यांच्या मागे गेल्या. २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली; सिंधुदुर्गचीही घटली. येत्या जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना होईल तेव्हा आमच्या हाती काय उरेल? दक्षिणेकडच्या राज्यांना आपल्या जागा कमी होतील अशी भीती वाटते, त्यावर आपण अग्रलेख लिहिता. तेच महाराष्ट्राच्या आत कोकणाच्या बाबतीत एकदा घडून गेले आहे आणि पुन्हा घडू शकते, यावर एक परिच्छेदही नाही. माणसे गेली म्हणून प्रतिनिधी कमी झाले. प्रतिनिधी कमी झाले की रस्ता, दवाखाना, नोकरी यांच्यासाठी बोलणारा आवाज कमी होतो, आणि आणखी माणसे जातात. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले, त्याचा या गोष्टीशी संबंध आहे की नाही, हे आपण तपासावे.

प्रकल्पांच्या बातम्यांबद्दल थोडेच लिहितो. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणारची रिफायनरी, आता बारसू. यांपैकी प्रत्येक वेळी आपण आलात, आंदोलनाची छायाचित्रे घेतलीत आणि मतदानाच्या आठवड्यात विचारलेत, ‘प्रकल्प हवा की नको?’ नाणारचा प्रकल्प २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाला तेव्हाही चर्चा जागावाटपापुरतीच राहिली. मतदाराचा प्रश्न वेगळा असतो. जमीन कुणाची, मोबदला कोण ठरवणार, मासेमारीचे काय होणार, नोकऱ्या कुणाला, आणि निवडून गेलेला माणूस यापैकी कशावर दिल्लीत बोलला. खासदाराने सभागृहात या विषयांवर काय विचारले, हे लोकसभेच्या नोंदींत मिळते. निवडणुकीआधी प्रत्येक खासदाराची ही नोंद अर्ध्या पानात छापता येईल. कुठल्या बाजूचा खासदार आहे, याने त्यात काही फरक पडू नये.

एक शब्द मात्र आपण सोडून द्यावा, ‘बालेकिल्ला’. आधी आम्ही समाजवाद्यांचा बालेकिल्ला होतो म्हणे, मग शिवसेनेचा, मग राण्यांचा, मग पुन्हा शिवसेनेचा. बालेकिल्ल्यात राहणाऱ्याला मत नसते. आम्ही दंडवत्यांना पाचदा निवडले आणि सहाव्यांदा हरवले, प्रभूंना चारदा निवडले आणि २००९ मध्ये हरवले, राऊतांना दोनदा निवडले आणि २०२४ मध्ये हरवले. त्या प्रत्येक निर्णयामागे घराघरात वाद झालेले आहेत. भाऊ भावाशी, सून सासऱ्याशी भांडलेली आहे. आपल्याला ते वाद ऐकायला मिळत नाहीत, कारण आपण सभेच्या मैदानात आणि उमेदवाराच्या बंगल्यावर थांबता. बाजारात, बंदरावर, एसटी स्टँडवर, दुपारी भात वाढून झाल्यावरच्या पडवीत थांबा.

शेवटची विनंती वेळेची आहे. १९८९ पर्यंत मतदानाचे वय एकवीस होते. म्हणजे १९५७ मध्ये ज्याने नाथ पैंना पहिल्यांदा मत दिले तो मतदार आज नव्वदीच्या घरात आहे. अशी माणसे आमच्या वाडीवाडीत मोजकी उरली आहेत. कुणाला संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आठवतात, कुणाला मुंबईच्या बोटीतून आलेली पत्रके, कुणाला १९७७ मध्ये तुरुंगातून सुटून आलेल्या उमेदवाराच्या सभेची गर्दी. ही माणसे जिल्हा प्रतिनिधीच्या घरापासून दुचाकीच्या अंतरावर आहेत. पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता यंदाच्या पावसाळ्याआधी त्यांच्याकडे जा, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि आपल्या जिल्हा आवृत्तीत दर आठवड्याला एकेकाची मुलाखत छापा. आपल्या कार्यालयातले १९५७ पासूनचे जुने अंक कपाटात पडून असतील तर ते इथल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला वाचण्यासाठी खुले करून द्या. मी आणि माझ्यासारखे काही जण माणसे शोधून देऊ, गाव दाखवू आणि चहाची सोय करू.



आपला,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग, पूर्वीच्या राजापूर, लोकसभा मतदारसंघातील एक मतदार